कविता आणि चाल : चार दिवसांचं निवासी शिबिर

चौकशीसाठी येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मला गाता येत नाही, चालेल का?’ चालेल. पेटीला कधी हात न लावलेले, नुसत्या कविता करणारेही येतात. फक्त चारचौघांत मोठ्याने वाचायची लाज सोडावी लागेल. आमचं म्हणणं इतकंच की बऱ्याच कवितांची चाल निम्मी तरी ओळीतच दडलेली असते. ती आधी ऐकावी, मग पेटी उघडावी.

पहिला दिवस अभंगाचा. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ याची अक्षरं बोटांवर मोजा : ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं, आणि चौथ्यात दोन अक्षरं कमी. गाणाऱ्याला मोकळी जागा मिळते ती तिथेच. आता भजनी ठेका आठ मात्रांचा, चरण सहा अक्षरांचा. मग लांबवायचं काय? ‘उभे’तला ‘भे’ की ‘विटेवरी’तली ‘री’? टाळ घेऊन दोन्ही करून बघतो. शब्द कुठे मोडला ते कान लगेच सांगतात. दुपारी पडवीतल्या जात्यावर दोघादोघांनी दळत ओवी म्हणायची. दम कुठे घ्यायचा हे तेव्हा जातंच ठरवतं. (पीठ संध्याकाळच्या भाकरीला वापरतो.)

दुसरा दिवस वृत्तांचा. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत : लगागा (ल म्हणजे लघु, एक मात्रा; गा म्हणजे गुरु, दोन मात्रा) चार वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा. पाच-पाचचे चार गट पडतात, म्हणून दहा मात्रांच्या झपतालाच्या दोन आवर्तनांत ओळ नेमकी बसते. तीच ओळ आठ मात्रांच्या केरव्यात कोंबली की ऱ्हस्व-दीर्घाची जी ओढाताण होते, ती एकदा ऐकाच.

तिसऱ्या दिवशी गझल. रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी येणारा शब्द किंवा शब्दसमूह, दर शेराला तोच; चालही दर वेळी तशीच उतरली तर श्रोते घड्याळ बघू लागतात. मुक्तछंदाला एकच सत्र आहे. तिथे नियमांपेक्षा वाचनाची सवय उपयोगी पडते.

गदिमांनी लिहायचं आणि बाबूजींनी (सुधीर फडके) चाल लावायची, अशी ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या वेगाने गेली. आम्ही त्याहून जास्त घाई करतो : तिसऱ्या रात्री जोडीतल्या कवीने गीत द्यायचं, चौथ्या दिवशी नाश्त्याआधी दुसऱ्याने मुखडा, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, चालीत ऐकवायचा. बिघडलं तर बिघडलं.

चाल लावायला कविता स्वतःची आणा किंवा संतांची. हयात कवीची आणलीत तर सरावापुरती ठीक. जाहीर कार्यक्रमात किंवा यूट्यूबवर टाकायची असेल तर परवानगी लागते. कवीच्या निधनानंतरही ६० वर्षं हक्क वारसांकडे किंवा ज्याला दिले असतील त्याच्याकडे राहतात.

तुकडी १४ जणांची. राहणं जुन्या वाड्यात, एका खोलीत तिघे; जेवण साधं, शाकाहारी. पेटी, तबला, टाळ इथे आहेत, तानपुऱ्याला मोबाइलवरचं ॲप चालतं. नोंदणी करताना आपली पट्टी (आपण कोणत्या सुरात गातो ते) माहीत असेल तर कळवा; माहीत नसेल तर पहिल्या सकाळी काढून देऊ. जिना उंच आणि अरुंद आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर खालची खोली आधी मागून घ्या. थंडीच्या तुकडीला येणाऱ्यांनी शाल आणावी, पहाटेचा रियाझ अंगणात असतो.