बाळाचा हात चुकतो तेव्हा

अमुक महिन्याला बाळाला अमुक यायलाच हवं, असे तक्ते हल्ली घरोघरी मोबाइलवर असतात. एखादी गोष्ट महिनाभर लांबली की आजीपासून आत्यापर्यंत सगळ्यांना घोर लागतो. त्यासाठी हवाला दिला जातो ज्याँ पियाजे या स्विस संशोधकाचा. पण पियाजेला वयाच्या तारखांपेक्षा मुलांच्या चुकांचं कुतूहल जास्त होतं. पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्याच्या लक्षात आलं, की एका वयाची मुलं साधारण एकाच प्रकारे चुकतात. मग ती तशी चुकतात कशामुळे?

यातली माझी सर्वांत आवडती चूक आठ ते बारा महिन्यांच्या बाळांत दिसते. माझ्या नऊ महिन्यांच्या भाच्यासमोर मी दोन रुमाल अंथरले आणि डावीकडच्या रुमालाखाली खुळखुळा लपवला. त्याने रुमाल ओढून तो काढला. असं चार-पाच वेळा झालं. मग त्याच्या डोळ्यांदेखत तो उजवीकडे लपवला, क्षणभर थांबले आणि दोन्ही रुमाल पुढे सरकवले. पठ्ठ्याने पुन्हा डावाच रुमाल ओढला! खालच्या रिकाम्या चटईवर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, पण उजव्या रुमालाला हात लावला नाही.

पियाजेचं म्हणणं असं, की या वयात वस्तू आणि ती शोधण्याची कृती बाळाच्या मनात वेगळी झालेली नसते; खुळखुळा म्हणजे ‘डावीकडे ओढल्यावर मिळतो ते’. हे स्पष्टीकरण सुंदर आहे, पण पुरेसं नाही. मानसशास्त्रज्ञ अडेल डायमंड यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की वस्तू लपवणं आणि बाळाला हात पुढे करू देणं यांत किती वेळ जातो यावर ही चूक ठरते. साडेसात महिन्यांचं बाळ दोनेक सेकंदांच्या विलंबाने चुकतं. वर्षाच्या बाळाला चुकवायला दहा सेकंदांहून अधिक लागतात. कपाळामागच्या मेंदूच्या भागाला इजा झालेली माकडंही अशीच चुकतात. त्यातही गंमत अशी, की कधीकधी बाळाची नजर बरोबर रुमालावर असते आणि हात मात्र चुकीच्या.

म्हणजे इथे दोन गोष्टींची झुंज चालू असते. ‘आत्ता उजवीकडे गेला’ ही ताजी आठवण जोरदार असते, पण झरझर विरते. ‘डावीकडे हात न्यायचा’ ही हाताची सवय दर खेपेला थोडी थोडी घट्ट होत जाते. आठवण सवयीच्या खाली उतरली, की हात डावीकडे वळतो. एस्थर थेलन आणि लिंडा स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी हा हिशेब गणिती समीकरणांत मांडला आणि त्यातून एक अजब भाकीत निघालं: सवय शरीराच्या ठेवणीला चिकटलेली असेल, तर ठेवण बदलल्यावर तिचा जोर ओसरायला हवा. बसून खेळणाऱ्या बाळाला उजव्या बाजूच्या खेपेआधी उभं केलं, तर चूक खरोखरच कमी झाली. इतकंच काय, काहीही न लपवता नुसती झाकणं हलवली तरी बाळं तशीच चुकली. मग वस्तूच्या ज्ञानाचा प्रश्न उरतोच कुठे?

मेंदू असा हात, डोळे, सवय यांच्यासकट घडतो. म्हणूनच मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचेल असं सांगत ‘मिडब्रेन’ म्हणजे मध्यमेंदू जागा करण्याचे महागडे क्लास पाहिले की संताप येतो. मध्यमेंदू जन्मापासून जागाच असतो आणि त्या पट्टीखालून नाकाच्या कडेने व्यवस्थित दिसतं.

मोठ्या मुलांच्या बाबतीतही चूक नीट पाहावी लागते. दोन ओळींत तेवढ्याच गोट्या मांडून कुठे जास्त आहेत ते विचारायचं, मग एक ओळ पसरवून तेच पुन्हा विचारायचं. चार-पाच वर्षांची मुलं पसरलेल्या ओळीत जास्त गोट्या आहेत असं सांगतात. पण १९७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी एका खोडकर टेडीकडून ती ओळ विस्कटवली. मोठ्या माणसाने ओळ हलवली तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुलं सहात जेमतेम एक होती. टेडीने हलवल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी ‘सारख्याच’ म्हटलं.

टेडीचं कृत्य मुलांना चुकून झालेलं वाटतं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदललं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पहिलं उत्तर चुकलं असणार, असा अर्थ मूल काढतं. आपल्या वर्गांतही बाईंनी ‘नक्की?’ विचारलं की मुलं पटकन उत्तर बदलतात. त्याच वर्षी रोझ आणि ब्लँक यांनी पहिलीतल्या मुलांना हा प्रश्न ओळ बदलल्यानंतर एकदाच विचारून पाहिला, आणि तेवढ्याने चुका कमी झाल्या.