दंडांच्या ताकदीसाठी बँड घ्यावा की डंबेल्स?

दुकानात आल्यावर बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात. बँड म्हणजे व्यायामासाठी ताणायचा रबरी पट्टा. आम्ही दोन्ही विकतो, त्यामुळे एकाचीच भलामण करायचं कारण नाही. स्नायू रबराने थकवलात काय किंवा लोखंडाने काय, त्याला फारसा फरक पडत नाही. त्याला सवयीपेक्षा जास्त ताण हवा, आणि तोही अंगवळणी पडला की आणखी थोडा वाढवता यायला हवा. तुमच्या घरी, तुमच्या हाताला हे कशाने जमेल तेवढंच बघायचं.

कोपर वाकवून डंबेल वर आणताना, म्हणजे कर्ल करताना, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीला समांतर आला की वजन सर्वांत जड लागतं. खांद्याजवळ पोचलं की भार जवळजवळ नाहीसा होतो. बँडचं तसं नाही. तो खाली सैल असतो आणि जितका ताणाल तितका जड होत जातो, शेवटचं चार बोटांचं अंतर तर अगदी अवघड. नेमक्या त्याच जागी अनेक जण हात मागे फिरवतात आणि मग ‘बँडने काही होत नाही’ म्हणतात. हात पूर्ण वर न्या. खाली आणताना बँडला हात खेचू देऊ नका, दोन-तीन आकडे मोजत सावकाश सोडा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना, ज्येष्ठांना आणि सतत प्रवास करणाऱ्यांना आम्ही आधी बँडच सुचवतो. हलके डंबेल्स घेणाऱ्यांची अडचण अशी, की २ किलोवरून ३ किलोवर गेलं की वजन एकदम ५० टक्क्यांनी वाढतं. बँडवर पाय ठेवून कर्ल करत असाल, तर दोन पावलांमधलं अंतर थोडं वाढवलं की तेवढ्यापुरता ताण वाढतो. शिवाय फरशीवर काही आदळत नाही, खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन येत नाहीत.

ताकद मोजूनमापून वाढवायची असेल तर मात्र डंबेल्सच घ्या. गेल्या महिन्यात ५ किलो दहा वेळा, आज साडेसात किलो आठ वेळा, असा हिशेब वहीत लिहिता येतो. बँडचा असा हिशेब लागत नाही. रंगांवर तर मुळीच विसंबू नका, एका कंपनीचा हिरवा आणि दुसरीचा हिरवा सारखाच जड असेल असं नाही. बजेट असेल तर प्लेट्स, म्हणजे वजनाच्या चकत्या, बदलता येणारी डंबेल्सची एक जोडी आणि मध्यम ताणाचा एक बँड, एवढ्यात घरचं काम बरंच भागतं.

स्वस्त प्लेट्स म्हणजे बहुधा प्लास्टिकच्या कवचात भरलेलं सिमेंट. चालतात, पण पडल्या तर तडकतात, आणि छापलेलं वजन प्रत्येक वेळी तंतोतंत असेलच असं नाही. रॉडच्या टोकाचा नट प्रत्येक सेटआधी, म्हणजे व्यायामाच्या प्रत्येक फेरीआधी, हाताने आवळा.

लेटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, बँड ऊन, उष्णता आणि तेलाने खराब होतात. गॅलरीच्या ग्रिलला टांगून ठेवू नका, तेलकट हाताने धरू नका. ताणून बघितल्यावर कडेला बारीक चिरा दिसल्या तर तो बँड टाकून द्या. गाठ मारून वापरायची काटकसर नको, सुटलेला बँड थेट डोळ्यावर येतो. दारात अडकवणार असाल तर ओढल्यावर दार उघडणार नाही, उलट घट्ट बसेल, अशा बाजूला उभे राहा. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेटेक्स नसलेला बँड मागावा.

बायसेप्सच्या, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूच्या, नादात अनेक जण दंडाची मागची बाजू विसरतात. तिथला ट्रायसेप्स बायसेप्सपेक्षा मोठा असतो. त्याच्यासाठी तालमीतले जोर उत्तम, आणि त्याला आमच्याकडून काहीच विकत घ्यावं लागत नाही!

आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत, मध्ये किमान एक दिवस हातांना विश्रांती द्या. नीट पद्धतीने आठ ते बारा वेळा करता येईल आणि शेवटच्या दोन वेळा दमवतील, एवढा भार निवडा. बाराच्या पुढे सहज जाऊ लागलात की वाढवा. श्वास कोंडून जोर लावू नका. रक्तदाब, हृदयविकार किंवा खांद्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काउंटरवर वजनकाटा आहे. प्लेट्स घेण्याआधी खुशाल तोलून बघा.