केबलचा पीळ, केबलची जाळी

बेळगावातून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग येतं आणि पुढं मच्छे. ओतकाम, मशीनिंग, हायड्रॉलिकचे सुटे भाग यांवर जगणारा हा पट्टा. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात तिथल्या एका शेडमधून फोन आला. कास्टिंग उचलून मशीनमध्ये ठेवणारी गँट्री अधूनमधून थांबत होती. फोरमन म्हणाला, "काय की ओ, उजवीकडं शेवटाला गेलं की थांबूलालंय. डावीकडं काय एक नाही." स्क्रीनवर एन्कोडरचा, म्हणजे गँट्री कुठं पोचली ते मोजून कळवणाऱ्या सेन्सरचा अलार्म.

पावसाळा म्हटल्यावर पहिला संशय ओलीवर, दुसरा व्होल्टेजवर. एन्कोडर बदलून झाला, मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचं कार्ड बदलून झालं. मशीन थांबवून मीटर लावला तर एन्कोडरच्या केबलची प्रत्येक तार 'पीं' करत होती. शेवटी गँट्रीबरोबर पळणारी प्लास्टिकची केबल चेन उघडली आणि वळणाच्या जागी केबल सोलून बघितली. आत तांब्याची विणलेली जाळी असायला हवी होती. तिथून राखाडी भुकटी आणि केसाएवढे तुकडे गळाले.

ती केबल काही डोळे झाकून आणलेली नव्हती. दुकानात दोन बोटांत वाकवून बघितली होती, मऊ होती, वर 'शील्डेड' असं छापलेलंही होतं. आपण सगळे अशीच केबल पारखतो, आणि इथंच फसतो. हातात मऊ लागणं वेगळं आणि दहा लाख वेळा वाकून टिकणं वेगळं. त्यात जाळी म्हणजे तांब्याचंच कापड. सतत वाकवत राहिलं की बहुतेक वेळा पहिला बळी तिचाच जातो, आणि ती गेल्याचं मीटर सांगत नाही.

मुळात जाळी लागते कशाला? मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह ४१५ व्होल्टच्या तीन फेज घेऊन आत सुमारे ५८७ व्होल्टचा डीसी तयार करतो आणि तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला देतो. हे चालू होणं इतकं झटक्यात होतं की शून्यापासून ५८७ व्होल्टपर्यंतची उडी सेकंदाच्या एक कोटीव्या भागातसुद्धा मारली जाते. आता मोटरची केबल आणि डेटाची केबल एकाच चेनमध्ये शेजारी शेजारी झोपलेल्या. दोन तारा आणि मध्ये प्लास्टिक, म्हणजे कुणी न बसवलेला एक कपॅसिटरच. तो अगदी नगण्य धरू, १० पिकोफॅरड. तरी त्या उडीच्या क्षणी त्याच्यातून जवळजवळ ६० मिलिअँपिअरचा झटका पलीकडं जातो. दोन तारांवरून डेटा नेणाऱ्या आरएस-४८५सारख्या पद्धतीत संदेश घेणारी चिप दोन तारांमधला ०.२ व्होल्टचा फरकही संदेश म्हणून वाचते. असा झटका तिथं पोचला तर काय होईल ते सांगायला नको.

धातूच्या पोकळ आवरणात बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरत नाही हे मायकेल फॅरडेनं १८३६ मध्ये दाखवलं होतं. केबलची जाळी म्हणजे त्याच पिंजऱ्याची लांबलचक नळी. झटका तारांवर न पडता जाळीवर पडतो आणि अर्थिंगच्या वाटेनं निघून जातो.

पण जाळी सगळं अडवते असं मानणाऱ्यांनी एकदा ओतकामाच्या शेडमध्ये जाऊन यावं. तिथल्या धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसभोवती काहीशे ते हजारभर हर्ट्झचं दणकट चुंबकीय क्षेत्र असतं. हजार हर्ट्झला तांब्यात हे क्षेत्र विरायला दोन मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते, आणि आपल्या जाळीची तार असते साधारण ०.१ मिलिमीटरची. चाळणीनं पाणी अडवण्यातलाच प्रकार. तेच एक कोटी हर्ट्झला तांब्याची ०.०२ मिलिमीटर जाडी पुरते, तिथं जाळी खऱ्या अर्थानं भिंत होते.

मग कमी वारंवारितेच्या क्षेत्रापासून वाचवतं कोण? पीळ. संदेशाच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की प्रत्येक वेढ्यात त्यांची जागा बदलते. एका वेढ्यात क्षेत्रानं जो व्होल्टेज निर्माण केला, पुढच्या वेढ्यात त्याच्या उलटा होतो आणि दोघांची वजाबाकी होऊन जाते. टेलिफोनच्या ग्रॅहम बेलनं १८८१ मध्येच या पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हेकट माणसासाठी वापरतो, पण केबलच्या बाबतीत ती कौतुकाची आहे: जाळी झिजली तरी पीळ आपलं काम करत राहतो. म्हणूनच जाळी मेलेली केबल लगेच बंद पडत नाही. ती अधूनमधून दगा देते, आणि असा दोष शोधणं हे सरळ बंद पडलेल्या मशीनपेक्षा दहापट डोकेदुखीचं.

खरा गुंता यापुढं आहे. तांबं वाकवलं की कडक होत जातं. तांबट भांडं ठोकताना मधूनमधून ते भट्टीत का घालतो? ठोकून कडक झालेलं तांबं पुन्हा नरम पडावं म्हणून, नाहीतर ते तडकतं. केबलच्या नशिबी ती भट्टी नाही. तिचं प्रत्येक वाकणं जमा होत जातं.

हिशेब करून बघू. ०.२५ चौरस मिलिमीटरची एक कोअर, म्हणजे केबलच्या आतली एक वेगळी तार, घ्या. ती एकाच भरीव तारेची असेल तर तिची जाडी ०.५६ मिलिमीटर. चेनच्या ७५ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात तिच्या बाहेरच्या कडेला सुमारे ०.३८ टक्के ताण पडतो. तेवढंच तांबं ०.१ मिलिमीटरच्या ३२ तारांत वाटलं तर प्रत्येक तारेवर ताण पडतो ०.०७ टक्क्याच्या आत. फरक पाच-सहा पटींचा दिसतो, पण धातूच्या थकव्यात ताण थोडा कमी झाला की आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून केबलच्या कागदावर बारीक तारांचा वर्ग बघायचा. आंतरराष्ट्रीय प्रमाणात वर्ग १ म्हणजे भरीव तार, ५ म्हणजे लवचीक, ६ म्हणजे अतिलवचीक. दीड चौरस मिलिमीटरच्या कोअरमध्ये वर्ग ५ ला ०.२६ मिलिमीटरपर्यंतची तार चालते, वर्ग ६ ला ०.१६ पर्यंतचीच.

आता किती वेळा वाकणार तेही मोजा. गँट्री मिनिटाला सहा फेऱ्या मारते, दोन पाळ्या म्हणजे सोळा तास, वर्षाला तीनशे दिवस. गुणाकार येतो १७ लाख २८ हजार. पॅनेलमध्ये एकदा वाकवून कायमची बसवायची केबल या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही. चेनसाठी बनवलेल्या केबलवर दहा लाख, पन्नास लाख, एक कोटी असे फेऱ्यांचे आकडे दिलेले असतात, सोबत त्रिज्येची अट असते. अट मोडली की आकडा विसरायचा. कायम बसवायच्या केबलला तिच्या जाडीच्या पाच-सहापट त्रिज्या चालते. सतत हलणारीला बहुतेकदा दहापट किंवा जास्त लागते. ८ मिलिमीटरची केबल आणि दहापटीची अट म्हणजे ८० मिलिमीटर. आमच्या चेनच्या कडीवर ७५ कोरलेलं होतं. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणणारे आम्हीच.

तारा बारीक असून भागत नाही, त्या आत कशा बसवल्यात यालाही महत्त्व आहे. ८ मिलिमीटरची केबल अर्धवर्तुळात वळली की तिची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा २५ मिलिमीटर लांब वाट चालते. कोअर थरांवर थर गुंडाळलेल्या असतील तर हा फरक एकाच थरावर येऊन पडतो, आतल्या कोअर सुटतात आणि केबल चेनमध्ये सापासारखी वळसे घ्यायला लागते. चांगल्या केबलमध्ये कोअरना आखूड वेढ्यांचा पीळ असतो, लहान लहान जुडगी करून ती पुन्हा एकत्र वळलेली असतात. घरी सोल वळताना बघितलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एकच कोअर कायम बाहेर किंवा कायम आत राहत नाही.

जाळीचे तीन प्रकार दुकानात भेटतात. अॅल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळलेला असेल तर तो शंभर टक्के झाकतो, स्वस्त असतो, आणि पॅनेलच्या आत एका जागी बसणाऱ्या केबलला उत्तम. पण विड्याच्या पुड्यातला चकचकीत कागद पुन्हा पुन्हा चुरगाळून बघा, सुरकुती पडते त्या रेषेवरच तो फाटतो. केबलमध्येही तसंच. दुसरा प्रकार म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची विणलेली जाळी. ती ८०–८५ टक्के झाकते, आणि बेळगावातल्या वडगावच्या मागावरच्या कापडासारखं तिचं सगळं विणीवर असतं. तारा कुठल्या कोनात एकमेकींना ओलांडतात यावर ती वाकताना सरकते की ताणली जाते हे ठरतं. चेनच्या केबलमध्ये जाळीच्या खाली गुळगुळीत आतलं आवरण असतं, त्यावर ती घसरू शकते. आमच्या केबलमध्ये ते नव्हतंच, जाळी थेट कोअरवर घासत होती. तिसरा प्रकार, एकाच दिशेनं गुंडाळलेल्या तारांचा. पिळवटणं त्याला चांगलं सोसतं, म्हणून गोल फिरणाऱ्या रोबोटच्या हातात तो वापरतात. मात्र गुंडाळी म्हणजे शेवटी कॉइल. जास्त वारंवारितेला ती विणलेल्या जाळीइतकी उपयोगी पडत नाही.

बाहेरच्या आवरणाचं थोडक्यात सांगतो. पीव्हीसी स्वस्त आहे आणि कोरड्या जागी चालतं, पण कूलंट आणि कटिंग ऑइलमध्ये वर्षानुवर्षं राहिलं की ते ताठरतं. मशीन शॉपला पॉलियुरेथेन बरं, ते तेलालाही टिकतं आणि घासण्यालाही. ओतकामात ठिणग्या उडतात तिथं कुठलंच आवरण फार शूर नसतं, चेनलाच झाकण असलेलं बरं. चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांत गाळप थांबल्यावर उंदीर जो उद्योग करतात, त्यावर मात्र प्लास्टिकचं शास्त्र मला माहीत नाही.

इतकी पारखून आणलेली केबल आपण जोडताना घालवतो, ते एका सवयीनं. जाळी सोलायची, तिला पीळ देऊन शेपूट काढायचं, लग मारायचा आणि अर्थच्या स्क्रूला आवळायचा. दिसायला नीटनेटकं. पण दहा सेंटिमीटरच्या शेपटाचं इंडक्टन्स सुमारे १०० नॅनोहेन्री. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा शून्यातच जमा, एक कोटी हर्ट्झला मात्र सहा ओहमच्या वर. ज्या झटक्यासाठी जाळी घेतली, त्याच्याच वाटेत आपण दार लावून ठेवलं. जाळी चहूबाजूंनी धरणारा क्लॅम्प किंवा धातूचा ग्लँड लावायचा, तोही रंग खरवडून उघड्या धातूवर.

जाळीचं अर्थिंग एका टोकाला की दोन्ही, यावर चहाच्या टपरीवर मारामाऱ्या होतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. तापमान किंवा दाबाच्या मंद अॅनालॉग संदेशाला एकच टोक जोडलं की ५० हर्ट्झचा प्रवाह जाळीतून फिरत नाही. ड्राइव्हच्या वेगवान गोंगाटात मात्र एक टोक मोकळं ठेवलेली जाळी अँटेनासारखी वागते, तिथं दोन्ही टोकं जोडायची. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर आधी शेडना एकमेकांशी जाड तारेनं बांधायचं, किंवा सरळ ऑप्टिकल फायबर टाकायची.

आणि केबलचा इंपिडन्स, म्हणजे वेगवान संदेशाला केबलमध्ये जाणवणारा ठरावीक अडथळा. आरएस-४८५ ला १२० ओहम, कारखान्यातली मशीन जोडणाऱ्या प्रोफिबसच्या जांभळ्या केबलला १५०, इथरनेटला १००. जाडी जुळली म्हणून एकीच्या जागी दुसरी घातली तर जोडावरून संदेशाचा काही भाग प्रतिध्वनीसारखा परततो. प्रोफिनेटची, म्हणजे कारखान्यातल्या इथरनेटची, हिरवी केबल तर ए, बी आणि सी अशा प्रकारांत मिळते: एका जागी बसणारी, कधीमधी हलणारी आणि सतत हलणारी. रंग तोच, म्हणून दुकानात अक्षर वाचून घ्या. बारीक तारांच्या केबलमध्ये संदेश लवकर क्षीण होतो, त्यामुळं इथरनेटचे १०० मीटर तिला पूर्ण मिळतीलच असं धरू नका.

आमच्या गँट्रीचं कोडं त्या भुकटीनंच सुटलं. जाळीच्या तुटलेल्या तारा केबल सरळ असताना एकमेकींना टेकत होत्या. उजव्या टोकाला तोच भाग वळणात यायचा आणि टोकं फाकायची. नेमक्या त्याच वेळी शेजारची मोटर ब्रेक घेत होती.

नवी केबल आणली ती ६.८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे दहापटीची अट ७५ मध्ये बसली. रिळावरून वेढे ओढून न काढता रीळ फिरवत काढली, रात्रभर शेडच्या तुळईवरून टांगून तिचा पीळ जिरू दिला. चेनमध्ये मोटरच्या केबलपासून वेगळ्या कप्प्यात सैल ठेवली, आणि फक्त दोन्ही टोकांना बांधली. फोरमननं चेनच्या झाकणावर मार्करनं तारीख लिहिली, खाली स्क्रीनवरचा फेऱ्यांचा आकडा. परवा गेलो तेव्हा त्याखाली त्यानं दुसरा आकडा लिहिलेला होता, एकतीस लाखांच्या पुढचा.