घरची कढई, हॉटेलची आच आणि कोळंबीतलं पाणी

चायनीज हॉटेलातल्या कोळंबी हक्का नूडल्स घरी करायला घेतल्या की साहित्य बहुतेक सगळं जमतं. सोया सॉस तोच, नूडल्सचं पाकीट तेच, कोळंबी तर कदाचित हॉटेलपेक्षा ताजी. तरी ताटात येतो एक ओलसर, चिकट गोळा, त्यात रबरासारखी कोळंबी आणि तळाशी तपकिरी पाणी. मग खापर फुटतं अजिनोमोटो न घातल्यावर. खरी गोम आचेत आहे, आणि आचेपेक्षाही पाण्यात.

घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण अडीच ते तीन किलोवॉटचा असतो. त्यातली जेमतेम निम्मी उष्णता कढईत शिरते, बाकीची कडेने वर निघून जाते. हाती उरले दीड किलोवॉट. आता पाव किलो कोळंबी, दोन मुठी भाजी आणि नीट न निथळलेल्या नूडल्स यांच्यातून मिळून १०० ग्रॅम पाणी सुटलं असं धरू. ते पाणी उकळीला आणायला सुमारे ३० किलोज्यूल लागतात आणि त्याची वाफ करायला आणखी सव्वादोनशे. भागाकार केला तर जवळजवळ तीन मिनिटं! तेवढा वेळ कढईतल्या पदार्थाचं तापमान १०० अंशांवर अडकून राहतं. खमंगपणा आणणाऱ्या मेलार्ड अभिक्रियांना वेग येतो तो १४० अंशांच्या पुढे, आणि कोळंबी तर दोन मिनिटांतच शिजून मोकळी होते. म्हणजे आपण परतत नसतो, उकडत असतो. हॉटेलच्या भट्टीचा बर्नर २५-३० किलोवॉटचा. त्यातली दोन तृतीयांश उष्णता वाया गेली तरी तेच पाणी अर्ध्या मिनिटात उडतं.

बर्नर बदलता येत नाही, पाणी मात्र कमी करता येतं. पुढचे सगळे खटाटोप त्यासाठीच.

आधी भांडं. हॉटेलची पत्र्याची पातळ कढई बघून तशीच घरी आणण्याचा मोह होतो, पण तिच्या खाली सतत भडकती आच असते म्हणून ती चालते. घरी बिडाची जाड कढई बरी. दोन किलोची कढई २५० अंशांपर्यंत तापली आणि पदार्थ टाकल्यावर १०० पर्यंत उतरली, तर तिच्या अंगातूनच १३५ किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणजे वरच्या हिशेबातले निम्म्याहून जास्त. मोठ्या आचेवर रिकामी कढई पाच-सात मिनिटं तापू द्यावी. पाण्याचा थेंब टाकला की तो चुरचुरून न उडता मण्यासारखा घरंगळत फिरला, तर कढई २०० अंशांच्या आसपास पोचली आहे. मग रिफाइंड शेंगदाणा तेल घालायचं आणि त्यावर धुराची पहिली रेघ दिसली की पदार्थ. नॉनस्टिक इथे बाद. तिचा थर २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो आणि रिकामी कढई तिथवर सहज पोचते.

आता कोळंबी. बाजारातून डोक्यासकट आणली असेल तर डोकी लगेच काढावीत. डोक्यात पचनाची ग्रंथी असते आणि तिच्यात प्रथिनं फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. ती झिरपून मानेजवळच्या पेरांपर्यंत येतात. फ्रिजमध्ये रात्रभर डोक्यासकट ठेवलेली कोळंबी एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला पिठूळ लागते ती यामुळे. गोठवलेल्या पाकिटावर ई ४५१ असं लिहिलेलं दिसलं, तर तिला फॉस्फेटचं पाणी पाजलेलं आहे. ते पाणी कढईत बाहेर येतंच, म्हणून अशी कोळंबी निथळून दुप्पट वेळ टिपावी आणि पुढे सांगितलेला सोडा तिला लावू नये.

हॉटेलच्या कोळंबीचा दाताखाली तुटणारा करकरीतपणा मीठ आणि खाण्याच्या सोड्याचा असतो. सोललेल्या, दोरा काढलेल्या अर्धा किलो कोळंबीला एक छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा सोडा चोळायचा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची, मग वाहत्या पाण्याखाली धुऊन कोरडी टिपायची. सोड्याने मांसाचा पीएच वाढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो. प्रथिनांच्या धाग्यांवर सारखाच विद्युतभार चढतो, धागे एकमेकांना दूर ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी धरून ठेवतात. तापल्यावर ते घट्ट आवळले जात नाहीत, साहजिकच पाणी कढईत न सुटता कोळंबीतच राहतं. सोडा अर्धा चमचा झाला की साबणाची चव येते. तासाच्या पुढे ठेवली तर कोळंबी काचेसारखी दिसते आणि चवीला काहीच उरत नाही.

आपल्याकडे कोळंबी दिसली की हात आपोआप हळद, लिंबू आणि आलं-लसूण वाटणाकडे जातो. कालवणाला ते ठीक, इथे तिन्ही टाळावं. लिंबाचं आम्ल सोड्याच्या नेमकं उलट काम करतं, आणि ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं. तेही प्रथिनं फोडतं, त्यामुळे वाटणात तासभर मुरलेल्या कोळंबीचा वरचा थर लिबलिबीत होतो. आलं गरम तेलात टाकलं की विकर निकामी होतं आणि वास तेवढा उरतो. आल्याची जागा तीच.

टिपलेल्या कोळंबीला दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर आणि एक चमचा तेल चोळावं. कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च ६५-७० अंशांना फुलून पातळ कवच धरतो, आणि नंतर सॉस त्यालाच चिकटतो. एका वेळी आठ-दहाच नग, एकमेकांना न टेकता. पहिली ४५ सेकंद उलथनं बाजूला ठेवायचं. करड्या-निळसर कोळंबीला तांबडा रंग चढताना दिसतो तो अॅस्टॅक्सँथिनचा. कच्च्या कोळंबीत हे रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं आणि उष्णतेने ते प्रथिन उलगडलं की मोकळं होतं. पण रंग हा शिजल्याचा पक्का पुरावा नव्हे, तो पृष्ठभागावर आधी येतो. आकार बघावा. कोळंबी इंग्रजी सीसारखी वळली की झाली, ओसारखी गोल मिटली की गेली. नूडल्समध्ये पुन्हा पडणार असल्याने सी पूर्ण होण्याआधीच, मध्यभागी किंचित अपारदर्शकता यायची असताना, ताटलीत काढावी. शेवटी मध्यभागाचं तापमान ६३ अंश भरलं की पुरे. सत्तरीपार गेल्यावर अॅक्टिन नावाचं प्रथिनही आवळतं आणि उरलंसुरलं पाणी पिळून काढतं.

टरफलं आणि डोकी टाकून देणं हा शुद्ध अपव्यय. धुऊन, कोरडी करून पाव वाटी तेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेचत परतावीत आणि तेल गाळून घ्यावं. अॅस्टॅक्सँथिन तेलात विरघळतं, तेल केशरी होतं आणि कोळंबीचा भाजका वास त्यात उतरतो. नूडल्स याच तेलात परताव्यात. घरच्या पदार्थाला हॉटेलच्या सर्वांत जवळ नेणारी गोष्ट एकच निवडायची झाली तर ती हे तेल, कुठलाही बाटलीतला सॉस नव्हे.

हक्का नूडल्सचं मूळ कोलकात्याच्या टेंगरा भागात, तिथे चामड्याच्या धंद्यात असलेल्या हक्का चिनी कुटुंबांच्या स्वयंपाकात. मैद्याच्या या नूडल्समध्ये बऱ्याचदा कार्बोनेटचे क्षार असतात. त्यांनी मैद्यातलं ग्लुटेन हे चिवट प्रथिन ताठ होतं आणि मैद्यातली फ्लेवोनॉइड रंगद्रव्यं पिवळी दिसू लागतात. उडदाच्या पापडात पापडखार घालतात तोही याच जातीचा क्षार. म्हणून घरी ताज्या नूडल्स करायच्या झाल्या तर नुसता मैदा मळून भागत नाही. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर भाजला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातं, वजन ३७ टक्क्यांनी घटतं आणि उरतं सोडियम कार्बोनेट. १०० ग्रॅम मैद्याला त्याचा १ ग्रॅम, १ ग्रॅम मीठ आणि ३८-४० मिलिलीटर पाणी. पीठ इतकं कोरडं वाटतं की पाणी वाढवावंसं वाटेल. वाढवू नये, झाकून अर्धा तास ठेवल्यावर ते मळलं जातं. हा भाजलेला सोडा हातांना चावतो, चमचा वापरावा.

पाकिटातल्या नूडल्स दोघांना १५० ग्रॅम पुरतात. दोन लिटर उकळत्या पाण्यात, पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढायच्या. एक नूडल तोडून बघावी: मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका हवा. चाळणीत ओतून गार पाण्याखाली हलवायच्या, म्हणजे शिजणं थांबतं आणि बाहेरचा चिकट स्टार्च धुतला जातो. मग दहा मिनिटं निथळून, दोन छोटे चमचे तेल लावून परातीत पसरायच्या आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवायच्या. लोकांना वाटतं तेलाने त्या मोकळ्या होतात. तेल फक्त एकमेकींना चिकटू देत नाही, मोकळेपणा येतो कोरडेपणाने. पंख्याखाली २० ग्रॅम पाणी उडालं तरी गॅसवरचं अर्धं मिनिट वाचलं. पुढे तासभर फ्रिजमध्ये उघड्या ठेवल्या तर आणखी चांगलं, कारण गारव्यात स्टार्चच्या साखळ्या पुन्हा रांगेला लागतात आणि नूडल कडक होते. फोडणीच्या भाताला शिळा भात लागतो तो याच कारणाने. मात्र शिजलेल्या नूडल्स ओट्यावर चार-पाच तास विसरू नयेत. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात, आणि त्याचं एक विष परतल्यानेही जात नाही.

भाजीची कापणी जाडसर ठेवावी. कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. बारीक चिरला आणि वर मीठ भुरभुरलं की ते सगळं बाहेर. दीड वाटी भाजी दोन खेपांत, प्रत्येकी एक मिनिट, मिठाशिवाय. कोळंबीनंतर भाजी आणि मग नूडल्स. प्रत्येक वेळी कढई पुसून पुन्हा धुरापर्यंत तापवायची, हा मधला मिनिट वाचवण्यात अर्थ नाही.

नूडल्ससाठी टरफलांच्या तेलाचा दीड मोठा चमचा. बारीक चिरलेला लसूण दोन छोटे चमचे आणि आलं एक चमचा, दहा-पंधरा सेकंद, लसणाच्या कडा पिवळ्या होईतो. मग नूडल्स पसरायच्या आणि पाऊण मिनिट हात लावायचा नाही. हॉटेलचा आचारी कढई सारखी उडवतो, ते बघून आपणही झारा फिरवत राहतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या हंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी २०२० मध्ये तळलेला भात उडवणाऱ्या आचाऱ्यांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कढई सेकंदाला साधारण तीनदा झोका घेते. एवढ्या उष्णतेत भात जळू नये म्हणून तो हवेत उडवावा लागतो. आपल्याकडे जळण्याइतकी उष्णताच नाही. उडवलं की पदार्थ गार होतो, एवढंच.

सॉस आधीच एका वाटीत कालवून ठेवावा: डार्क सोया दोन छोटे चमचे, साधा सोया एक, पांढरी मिरपूड अर्धा, साखर अर्धा आणि हवं तर अजिनोमोटो पाव चमचा. ते म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेटची चव ओळखली. अजिनोमोटोत सोडियम १२ टक्के, मिठात ३९. म्हणून ते घातलं की मीठ थोडं कमी करता येतं. कोळंबीत मुळातच न्यूक्लिओटाइड नावाची चवदार द्रव्यं असतात आणि ग्लुटामेटशी गाठ पडली की दोघांची चव बेरजेपेक्षा जास्त वाढते. त्यामुळे कोळंबीच्या नूडल्सना पाव चमचाही भरपूर होतो. सॉस नूडल्सवर ओतायचा नाही, कढईच्या तापलेल्या कडेवर सोडायचा. तो खाली उतरेपर्यंत त्यातलं पाणी उडतं, साखर करपते आणि हवाहवासा धुरकट वास येतो. लगेच कोळंबी, भाजी, पातीचा कांदा, वीस-तीस सेकंद, आणि गॅस बंद केल्यावर एक छोटा चमचा व्हिनेगर. आधी घातलं तर त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो.

चौघांसाठी करायचं असेल तर प्रमाण दुप्पट करून एकाच कढईत कोंबू नये. दोनदा करावं.

कोळंबीच्या जागी माकुळ घ्यायची असेल तर सोड्याची गरज नाही. आतल्या बाजूने चौकड्यांच्या उथळ चिरा द्याव्यात, नीट टिपावी आणि फार तर एक मिनिट परतावी. दीड-दोन मिनिटांच्या पुढे तिचे कोलॅजन या प्रथिनाचे धागे आकसून ती चामट होते, आणि पुन्हा मऊ व्हायला मंद आचेवर अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे तेव्हा तिचं कालवणच करावं लागतं.