डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय

मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला, राणीच्या बागेला (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) लागून असलेली ही महापालिकेची वास्तू २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुली झाली. त्या वेळचे नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम. आजचे नाव १९७५ पासूनचे. आकाराने ते लहानच आहे. एक उंच दालन, त्याला वरून वेढणारा सज्जा आणि बाजूच्या काही खोल्या. घाईत असलेला माणूस तासाभरात बाहेर पडतो, मातीच्या बाहुल्यांपाशी रेंगाळणाऱ्याला मात्र दुपार पुरत नाही.

या संग्रहाचे मूळ व्यापारी आहे. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी माल आणि कारागिरीचे नमुने गोळा करताना त्यांचा एक जोडसंच मुंबईत ठेवण्यात आला. इथे काय पिकते, काय घडते आणि त्यातले काय खपेल, हे गिऱ्हाइकाला दाखवावे एवढाच उद्देश. हे नमुने कोटातील (आजच्या फोर्टमधील) बराकीत मांडले होते. १८५७ च्या उठावात बराक फौजेला हवी झाली आणि सामान बाहेर फेकले गेले. जॉर्ज बर्डवुड या डॉक्टरने उरलेसुरले सांभाळले. पुढच्याच वर्षी नव्या इमारतीसाठी सभा भरली. त्यात बर्डवुडच्या जोडीला भाऊ दाजी होते आणि जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून अशा मातब्बरांचा पाठिंबा होता. पायाभरणी १८६२ ची. तेव्हा कापसाच्या तेजीने शहरात पैसा खुळखुळत होता. १८६५ मध्ये ती तेजी ओसरली आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. वर्गणीवर काम पुरे होईना, तेव्हा सरकारला हात घालावा लागला.

भाऊ दाजी (रामचंद्र विठ्ठल लाड) मूळचे गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, मुंबईचे दोनदा शेरीफ (शहरातले एक मानाचे पद), कुष्ठरोगावर औषध शोधणारे आणि फावल्या वेळात शिलालेख वाचणारे. हा फावला वेळ त्यांना कुठून मिळे, कोण जाणे! अजिंठ्याच्या लेखांच्या वाचनात त्यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. संग्रहालय उघडल्यावर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये ते वारले.

अजिंठा इथे आणखी एका वाटेने आला आहे. जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७० च्या दशकात मातीची झिलईदार भांडी होऊ लागली. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. लेण्यांतली कमळे, वेली आणि माणसे अशी फुलदाण्यांवर उतरली. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. फुलदाण्या मात्र इथे काचेआड टिकून आहेत. बिदरी काम (काळ्या धातूवर चांदीची जडण), हस्तिदंत, चांदीची भांडी यांच्यापुढून लोक पाहत पाहत पुढे सरकतात. या मातीच्या भांड्यांसमोर मात्र थोडे वाकून उभे राहावे. झिलईखाली कुंचला कुठे जाड टेकला आणि कुठे नुसता ओझरता गेला, ते नीट कळते.

खरे वैभव सज्जावर आहे. मुंबईतल्या जातीजमाती, धंदे आणि खेळ दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या आकृती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सेसिल बर्न्स आणि अर्नेस्ट फर्न या अभिरक्षकांच्या (क्युरेटरांच्या) काळात मोठ्या प्रमाणावर जमल्या. माणसांचे ‘प्रकार’ पाडून कपाटात लावायचे, ही साहेबी खोड त्यामागे आहे आणि ती डोळ्यांत खुपते. पण कारागीर साहेबापेक्षा बारीक पाहत होता. पगडीचा घाट, लुगड्याचा काष्टा, उकिडवे बसताना गुडघ्यावर टाकलेला हात, काहीच चुकलेले नाही. पाट्यांवर अशा हातांची नावे क्वचितच सापडतात. विक्रीचे नमुने मांडायला काढलेल्या घरात शेवटी शहरातली माणसेच राहायला आली, असे इथे वाटते. जुन्या मुंबईचे नकाशे आणि पारशी दख्म्याची (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची) प्रतिकृतीही इथेच आहे. दख्म्यात परक्याला प्रवेश नसल्याने ती पाहायला हमखास गर्दी होते.

आवारातला दगडी हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते याच्यामुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा बेत होता, पण उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. ते भायखळ्याला आणून १९१४ मध्ये जोडले. सांधे अजून दिसतात. मागच्या बाजूला चौकाचौकांतून हटवलेले पुतळे आहेत. त्यांत खंडेराव गायकवाडांनी दिलेली संगमरवरी व्हिक्टोरिया राणीही आहे, नाक तुटलेली. दक्षिण मुंबईतल्या ‘काळा घोडा’ भागाला ज्यावरून नाव पडले तो मूळ पुतळाही राणीच्या बागेतच आला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतीची दुर्दशा झाली होती. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक (वारसा जतन करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली जीर्णोद्धार झाला. ओतीव लोखंडाचे खांब, रंगीत फरशी आणि सोनेरी नक्षी पुन्हा उजळली. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. नंतर सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया अशा आजच्या कलावंतांची प्रदर्शने इथे झाली. जुन्या कपाटांशेजारी नवी कलाकृती ठेवण्याची ही रीत सगळ्यांनाच रुचते असे नाही, पण दालन त्यामुळे झोपी जात नाही.

भायखळ्याला उतरणारी बहुतेक कुटुंबे पेंग्विन आणि वाघ पाहायला आलेली असतात. संग्रहालय वाटेत लागते म्हणून पाहिले जाते. उलट क्रम अधिक बरा: सकाळी आधी इथे, मग बाग. बुधवारी दोन्ही बंद.