सर्टिफाइड सेकंडहँड लक्झरी गाडी घ्यायचीय? कोकणातल्या पत्त्यावर नावावर करताना काय काय लागतं ते वाचा

सर्टिफाइडचा शिक्का सरकार मारत नाही, गाडीची कंपनी मारते, हे आधी पक्कं करून घ्या म्हणजे पुढचा निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस, व्होल्वो सिलेक्ट असे प्रत्येक कंपनीचे जुन्या गाड्यांचे विभाग आहेत, ते गाडी तपासतात, लागलेलं काम करतात आणि ठरावीक काळाची वॉरंटी देऊन विकतात. पण त्या चकचकीत सर्टिफिकेटशी आरटीओला काडीचं देणंघेणं नाही. शोरूमचा कागद गाडीची तब्येत सांगतो, गाडी कोणाची ते सांगते आरसी म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आणि आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत चाळीस लाख मोजले असले तरी कागदोपत्री गाडी दुसऱ्याचीच.

मुंबईत राहणाऱ्याला शोरूमवाला सगळं हातात आणून देतो. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडीकडच्या माणसाला मात्र पत्ता, आरटीओ, सर्व्हिस सेंटरचं अंतर अशा तीन-चार गोष्टी जास्तीच्या बघाव्या लागतात, म्हणून हे जरा सविस्तर.

कोण घेऊ शकतं, कुठली गाडी बसते

घेणारा १८ वर्षांचा हवा, पॅन हवं, पत्त्याचा पुरावा हवा, झालं. लायसन्स नसलं तरी गाडी नावावर होते, चालवता येत नाही एवढंच. पॅनची भानगड अशी की एवढी महागडी गाडी घेताना तो द्यावाच लागतो, आणि विकणारा व्यावसायिक असेल व बिल १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गोळा करून सरकारला भरायचा आयकर) पण लागतो. म्हणजे ३२ लाखांच्या गाडीवर ३२ हजार वेगळे. ते बुडत नाहीत, रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं, पण व्यवहाराच्या दिवशी खिशातून जातातच, त्यामुळे बजेट काठोकाठ भरून जाऊ नका. आणि रोख? २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात स्वीकारणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो, म्हणून कुठलाही शहाणा डीलर घेत नाही. आंब्याच्या सीझनचे पैसे पिशवीत घालून निघाला असाल तर आधी बँकेत भरा.

गाडीची पात्रता प्रत्येक कंपनीची आपापली. साधारण सूत्र एकच, वय फार नको, किलोमीटर मर्यादेत हवेत, सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये झालेली हवी आणि चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) मार नको. मालकाने बाहेर गॅरेजला दोन-तीन सर्व्हिस करून घेतल्या असतील तर तीच गाडी बाहेरच्या बाजारात स्वस्त मिळते, सर्टिफाइडमध्ये येत नाही. किमतीतला फरक बऱ्याच अंशी इथूनच येतो.

डीलर खरंच डीलर आहे का

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते ५ वर्षं चालतं. मूळ मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद परिवहनच्या पोर्टलवर झाली की गाडी पुढच्या मालकाच्या नावावर होईपर्यंत जबाबदारी डीलरची, अपघात झाला, चलन आलं तरी. त्या काळात डीलरने गाडी ट्रायल, डेमो, दुरुस्ती असल्या कामांसाठीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची असा नियम आहे. तुम्ही फक्त विचारा, साहेब तुमचं प्रमाणपत्र दाखवा आणि या गाडीची ताब्याची नोंद दाखवा. जो आढेवेढे घेईल त्याच्याकडे टोकन ठेवायचं नाही. टोकन देताना पण व्यवहार फिसकटला तर पैसे परत मिळणार का, किती दिवसात, हे पावतीवर लिहून घ्यायचं, तोंडी 'काही काळजी करू नका सर' याला किंमत शून्य.

जीएसटीचं पण एक. नोंदणीकृत डीलर जुनी गाडी विकतो तेव्हा १८ टक्के जीएसटी त्याच्या मार्जिनवर असतो, म्हणजे घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतल्या फरकावर. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून कोणी आकडा सांगितला तर हिशोब विचारा. शोरूमची डेमो कार असेल तर हिशोब वेगळा पडू शकतो, तो लेखी मागा. खाजगी माणसाने आपली गाडी दुसऱ्या खाजगी माणसाला विकली तर जीएसटीचा विषयच नाही.

कागद कुठले

आता मुख्य काम. महाराष्ट्रातली गाडी असेल तर फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) दोन प्रतीत आणि फॉर्म ३० (नाव बदलायचा अर्ज), विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्यांसह. सोबत मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. विकणाऱ्याने १४ दिवसात कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसात अर्ज करायचा असं मोटार वाहन कायद्यात आहे. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर भरायचा, फी पण तिथेच. खाजगी कारची नाव बदलायची फी ३०० रुपये, तीच गाडी बाहेरून तयार होऊन आयात झालेली असेल तर २५०० रुपये, वर कार्डाचे वगैरे किरकोळ. त्यामुळे 'आरटीओ खर्च' म्हणून पंधरा-वीस हजारांची ओळ बिलात दिसली तर फोड मागायला लाजू नका, एजंटची मेहनत असते मान्य, पण फोड द्यायला काय जातंय.

फसतं कुठे माहितीय का, मोबाइल नंबरात. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि मूळ मालकाचा तो नंबर कधीच बंद पडलेला असतो किंवा त्याच्या ड्रायव्हरचा असतो. गाडी घरी आणून महिना झाल्यावर अंधेरीच्या कुठल्या साहेबाला ओटीपीसाठी फोन करत बसण्यापेक्षा शेवटचे पैसे द्यायच्या आधी हे तपासून घ्या.

लोन असलेली गाडी असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ पण लागतो, बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरल्याशिवाय नाव चढत नाही. तुम्ही स्वतः लोन काढत असाल तर फॉर्म ३४ आणि बोजा चढवायची फी १५०० रुपये. जुन्या गाडीच्या लोनचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो हे गृहीत धरा.

महागड्या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात. मग ठरावाची प्रत, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, शिक्का हे सगळं मागून घ्यायचं. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी यायला हवी, सरळ तुमच्या नावावर उडी मारता येत नाही.

२०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलीय का ते बघा, ती नसेल तर आरटीओत नाव बदलणे, बोजा चढवणे-उतरवणे ही कामं अडतात. ई-चलन थकलेलं आहे का तेही ऑनलाइन दिसतं. सायन-पनवेल रोज करणाऱ्या गाडीवर किती निघतील सांगता येत नाही.

पत्त्याचं आपल्याकडचं त्रांगडं

गाडी कुठल्या आरटीओत जाणार ते तुमच्या पत्त्यावर ठरतं. रत्नागिरी एमएच ०८, सिंधुदुर्ग एमएच ०७ म्हणजे ओरोस, रायगडचं पेण एमएच ०६, पनवेलकडचं एमएच ४६. आता चाकरमान्याचं आधार असतं बोरिवलीचं, गाडी राहणार राजापुरात, आणि गावातलं घर अजून आजोबांच्या नावावर, सामायिक, घरपट्टीवर चार काकांची नावं. वीजबिल? तेही आजोबांच्याच नावाने येतं. अशावेळी शोरूमवाला म्हणतो आधारवरच करून टाकू, आणि गाडी बोरिवलीत नोंदते. बेकायदेशीर काही नाही, पण पुढे बोजा उतरवायला, डुप्लिकेट आरसीला, विकायला प्रत्येक वेळी तिकडचं आरटीओ. गावाकडे कायमचं राहायचं ठरलं असेल तर आधी आधारचा किंवा मतदार यादीचा पत्ता गावाचा करून घ्या आणि मग गाडी घ्या. मतदार यादी, पासपोर्ट, एलआयसीची पॉलिसी हे पत्त्याला चालतात, काहीच नसेल तर प्रतिज्ञापत्राचा रस्ता आहे. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळे एमएच ०२ ची गाडी एमएच ०२ च राहते. गावात तोरा तोच हवा असतो काहींना, असो.

गोवा आणि दिल्लीच्या गाड्या

सावंतवाडी-दोडामार्गवाल्यांना गोवा जवळ, म्हापशाची पणजीची गाडी डोळ्यात भरते. जीए पासिंगची गाडी घेतली तर तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वाली एनओसी आणायची, मग फॉर्म २७ भरून इथे नवा नंबर घ्यायचा, गाडी प्रत्यक्ष दाखवायची आणि महाराष्ट्राचा टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे भरायचा. तो टॅक्स हाच खरा खर्च. नव्या गाडीला आपल्याकडे २० लाखांच्या वर पेट्रोलला १३ आणि डिझेलला १५ टक्के आहे, कंपनीच्या नावावर किंवा आयात असेल तर २० टक्के, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होत जातो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, अर्ज तिकडेच करायचा. दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे 'चालतंय की, जीए वरच फिरवू' हा सल्ला देणारे खूप भेटतील, ऐकू नका.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते कारण राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि लोक त्याआधीच गाड्या काढायला लागले. गाडी वाईट असेलच असं नाही, पण एनओसी, टॅक्स, वाहतूक सगळं धरून बेरीज करा, स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते.

गाडी बघताना

सर्टिफाइड असली तरी बघायचीच. कोकणात पूर आपण बघितलाय, २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते लोकांच्या डोळ्यासमोर आहे. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, मातीची रेघ तिथे राहते. डिकीतली स्टेपनीची जागा, कार्पेटच्या खालचा भाग, सीटच्या रुळांना गंज. खारी हवा लागलेल्या बंगल्यातली गाडी असेल तर खालून लिफ्टवर चढवून बघायला सांगा, त्याला नाही म्हणायचं काही कारण नाही. चॅसिस नंबरवरून कंपनीकडे रिकॉलचं (दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील तर त्याचं) काम बाकी आहे का तेही विचारता येतं.

वॉरंटीचं पुस्तक तिथेच उघडून वाचा. टायर, ब्रेकपॅड, बॅटरी, वायपर यात सहसा नसतात. एअर सस्पेन्शन धरलंय की नाही हे तर नाव घेऊन विचारा, कारण आपल्या घाटातून आणि गावच्या रस्त्यांवरून जी गाडी जाणार तिचं पहिलं दुखणं तेच. रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर असतील तर चारांच्या पैशात एक बऱ्यापैकी जुनी स्कूटर येईल, त्यांची झीज आधी बघा. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बऱ्याच बीएस ६ डिझेल गाड्यांना अॅडब्लू (धूर स्वच्छ करणारं द्रव) भरावं लागतं, ते गावात कुठे मिळतं बघून ठेवा. आणि वॉरंटीचं काम अधिकृत वर्कशॉपलाच, म्हणजे आपल्याला मुंबई, पुणे, कोल्हापूर नाहीतर गोवा. बंद पडली तर टोईंग कुठपर्यंत फुकट, किती किलोमीटर, हे लेखी हवं. देवगडहून उचलून न्यायला लागली तर टोईंगचं बिल बघूनच गाडी परत चालू होईल.

माझ्या मते इथे राहणाऱ्याने सर्टिफिकेटसाठी जास्तीचे पैसे तेव्हाच मोजावेत जेव्हा त्या कंपनीचं वर्कशॉप एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. नाहीतर ती वॉरंटी वापरणं होत नाही, प्रत्येक वेळी आपण 'पुढच्या मुंबई फेरीला बघू' म्हणत राहतो.

ताबा घेताना आणि नंतर

इन्शुरन्स १४ दिवसात आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) इन्शुरन्स आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव बदललं नसेल तर अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे फरक तुम्हाला भरावा लागेल, तो बऱ्यापैकी असू शकतो. इंजिन प्रोटेक्ट घ्याच, पावसात साकवावरच्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनने पाणी ओढलं तर साध्या पॉलिसीत हात वर करतात.

दोन्ही चाव्या, सर्व्हिस रेकॉर्ड, बिल, वॉरंटीचा कागद, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याने बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा. गाडीला कंपनीचं मोबाइल अॅप असेल तर त्यातून जुन्या मालकाचं खातं समोर बसवून काढायला लावा, नाहीतर तो घाटकोपरला बसून तुमची गाडी मालवणात कुठे उभी आहे ते बघत बसेल.

आरसीचं कार्ड पोस्टाने येतं. घर बंद असेल, सगळे मुंबईला असतील, तर ते परत जातं आणि मग आरटीओत जाऊन शोधत बसावं लागतं, तेव्हा शेजाऱ्यांना आणि पोस्टमनला सांगून ठेवा. तोपर्यंत नाव चढलं की डिजिलॉकरमधली आरसी पोलिसांना दाखवायला चालते.