सेटयूआयडी शेल स्क्रिप्ट
सेटयूआयडी शेल स्क्रिप्ट : युनिक्ससदृश कार्यप्रणालींत, चालवणाऱ्याच्या नव्हे तर फाइलच्या मालकाच्या (बहुधा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालावी म्हणून 'सेटयूआयडी' बिट (फाइलच्या परवानग्यांतील एक खूण) लावलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेली आज्ञांची फाइल. लिनक्समध्ये स्क्रिप्टला हा बिट लावता येतो. कर्नेल (कार्यप्रणालीचा गाभा) मात्र तो जुमानत नाही.

सेटयूआयडीची कल्पना युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांची. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ चा, मंजुरी १९७९ ची. कर्नेलने स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतील '#!' (ती कोणत्या प्रोग्रामने चालवायची हे सांगणारी खूण) ओळखावे ही सोयही त्यांनीच जानेवारी १९८० च्या सुमारास केली. स्क्रिप्टला सेटयूआयडी करता येईल, हा तिचा एक फायदा म्हणून तेव्हा सांगितला गेला, हे आज वाचताना गंमत वाटते. कारण दोष त्या रचनेतच होता. कर्नेल पहिली ओळ वाचून शेलला वाढीव अधिकारांनिशी सुरू करतो आणि त्याच्या हाती स्क्रिप्टचे केवळ नाव देतो. शेल त्या नावाने फाइल पुन्हा उघडतो. स्क्रिप्ट सांकेतिक दुव्यावरून (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावावरून) चालवून या दोन क्षणांमध्ये दुवा दुसऱ्या फाइलकडे वळवला, की घुसखोराची स्क्रिप्ट रूट म्हणून चालते. सोलारिससारख्या काही प्रणालींनी नावाऐवजी आधीच उघडलेल्या फाइलचा निर्देशक देऊन ही फट बुजवली. तरी वातावरण-चलांचा, म्हणजे चालवणाऱ्याकडून प्रोग्रामला मिळणाऱ्या नामांकित मूल्यांचा, धोका उरतोच. जुन्या बोर्न शेलमध्ये शब्दविभाजक ठरवणाऱ्या 'आयएफएस' चलात तिरपी रेघ घातली, की पूर्ण मार्गासह लिहिलेली आज्ञाही तुटून भलताच प्रोग्राम चाले.

यामुळे आज रूढ मार्ग 'सुडो' हा, म्हणजे ठरावीक वापरकर्त्यांना ठरावीक आज्ञा रूट म्हणून चालवू देणारा प्रोग्राम, आहे. बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी तो १९८० च्या सुमारास बफलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात लिहिला. नावातील 'सु' चा अर्थ कोणी 'सुपरयूजर', कोणी 'सब्स्टिट्यूट यूजर' असा लावतात. १९७१ च्या युनिक्स नियमपुस्तिकेत 'सु' ही आज्ञा सुपरयूजर होण्यासाठीच दिलेली असल्याने पहिली व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. दुसरी, या आज्ञेने कोणताही वापरकर्ता होता येऊ लागल्यावर रुळली असावी.

सुडोची परवानगी दिलेली स्क्रिप्ट ज्याला संपादित करता येते, त्याला व्यवहारतः पूर्ण रूट अधिकार मिळतात; म्हणून अशी फाइल व तिची निर्देशिका रूटच्याच मालकीची ठेवतात. आज्ञेच्या शेवटी '>' वापरून तिचा उत्पाद (आउटपुट) केवळ रूटला लिहिता येणाऱ्या फाइलकडे वळवला, तर ती फाइल सुडो नव्हे, वापरकर्त्याचा मूळ शेल उघडतो आणि परवानगी नाकारली जाते. तेथे मिळालेला उत्पाद स्वतः फाइलमध्ये लिहिणारी 'टी' (tee) ही आज्ञा सुडोने चालवतात.